बिडाचा फाळ

नांगराचा फाळ हा यंत्रांच्या जगातला अगदी साधा अवयव आहे. त्याला चाक नाही, दाते नाहीत, वाफेचा किंवा विजेचा स्पर्श नाही. बैलांच्या मागे मातीत खुपसलेला लोखंडाचा एक तुकडा, एवढीच त्याची ओळख. परंतु या तुकड्याच्या वाट्याला येणारे कष्ट मोजू गेल्यास मन थक्क होते. नऊ इंच रुंदीची तासे घेत एक एकर शेत नांगरायचे ठरवले, तर फाळाला सुमारे अकरा मैल मातीतून जावे लागते. या अकरा मैलांत माती असते, वाळू असते, मुरूम असतो आणि मधूनमधून दगडही असतो. पाच एकरांचा धनी एकदा शेत नांगरतो, तेव्हा त्याच्या फाळाचा पंचावन्न मैलांचा प्रवास झालेला असतो, आणि हा प्रवास वाऱ्यातून किंवा पाण्यातून झालेला नसून जणू कानशीच्या पाठीवरून झालेला असतो. फाळ झिजतो, याचे नवल नाही. तो टिकावा कसा, या एका प्रश्नामागे माणसाने जी दीर्घ खटपट केली, तिचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. आजच्या अनेक मोठ्या यंत्रांचे आयुष्य त्या खटपटीतून हाती आलेल्या ज्ञानावर उभे आहे.

आपल्याकडील जुना नांगर लाकडाचा. त्याच्या टोकाला घडीव लोखंडाचा अरुंद फाळ बसवलेला असे. घडीव लोखंड मऊ आणि चिवट असते. दगडावर आपटले तर ते वाकते, पण तुटत नाही. त्याची धार मात्र लवकर बोथट होते. म्हणून नांगरटीच्या दिवसांत शेतकरी फाळ घेऊन गावच्या लोहाराकडे जाई. लोहार तो भट्टीत लाल करी, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा टोक आणी आणि पाण्यात बुडवी. या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. फाळाची झीज ही अशा रीतीने गावगाड्याच्या व्यवहारातच सामावलेली होती. फाळ झिजणार, लोहार तो पाजवणार आणि खळ्यावर लोहाराचा वाटा निघणार, हे सारे ठरलेले असे. या व्यवस्थेत कोणाला दोष दिसत नव्हता. पण तिला एक मर्यादा होती. असा फाळ माती वरवर उकरू शके. ती खोलवर कापून उलटवू शकत नसे.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हा घडीव लोखंडाचा अगदी निराळ्या स्वभावाचा भाऊ. शुद्ध लोखंड वितळण्यास पंधराशे अंश सेल्सियसहूनही अधिक उष्णता लागते. त्यात शेकडा तीन-चार भाग कार्बन मिसळला, की ते साडेअकराशे-बाराशे अंशांवरच पाण्यासारखे पातळ होते आणि कोणत्याही साच्यात ओतता येते. हे ज्ञान चीनमध्ये फार पुरातन काळापासून होते. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या ते तिसऱ्या शतकांतील, ज्याला चीनच्या इतिहासात लढणाऱ्या राज्यांचा काळ म्हणतात, त्या काळातील नांगराचे ओतीव फाळ तेथील उत्खननांत सापडले आहेत. ओतलेली वस्तू ठिसूळ निघते, हे त्या कारागिरांच्याही ध्यानी आले होते. आणि ती पुष्कळ वेळ भट्टीत तापत ठेवून तिचा ठिसूळपणा कमी करण्याची युक्तीही त्यांनी साधली होती. युरोपात बिडाचे ओतकाम रूढ झाले ते यानंतर दीड हजार वर्षांहूनही अधिक काळाने.

इंग्लंडात नांगराच्या फाळासाठी बीड वापरण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात सुरू झाले. बीड स्वस्त होते आणि एकाच साच्यातून शेकडो सारखे फाळ निघत. पण त्याची एक अडचण कोणाला सुटत नव्हती. मऊ बिडाचा फाळ लवकर झिजून जाड होई, आणि कठीण बिडाचा फाळ दगडाच्या पहिल्या ठोक्याला फुटे. लोहाराकडे नेण्यातही अर्थ नव्हता, कारण बीड ऐरणीवर ठोकता येत नाही. ते हातोड्याखाली तडकते. ही अडचण ज्याने सोडवली, तो रॉबर्ट रॅन्सम हा नॉरफोक परगण्यातील एका क्वेकर शाळामास्तरचा मुलगा. इ. स. १७५३ मध्ये जन्मलेल्या या माणसाने लोखंडसामानाच्या दुकानात उमेदवारी केली, पुढे नॉर्विच येथे ओतकामाचा उद्योग सुरू केला आणि १७८५ मध्ये बिडाचे फाळ कठीण करण्याच्या एका रीतीचा एकाधिकार मिळवला. साचा मिठाच्या पाण्याने भिजवून त्यात धातू ओतायचा, अशी ती रीत होती. १७८९ मध्ये तो इप्सविच येथे आला, तेव्हा त्याच्यापाशी दोनशे पौंडांचे भांडवल आणि एक कामगार एवढेच बळ होते.

रॅन्समचा खरा शोध १८०३ सालचा. त्याविषयी अशी हकीकत सांगतात, की ओतकाम चालू असताना एक साचा फुटला आणि वितळलेले बीड जमिनीवरील थंड लोखंडावर सांडले. ते निवाल्यावर पाहिले, तर ज्या बाजूला थंड लोखंडाचा स्पर्श झाला होता, ती बाजू विलक्षण कठीण झालेली होती आणि दुसरी बाजू नेहमीसारखीच मऊ राहिली होती. हकीकत खरी असो वा मागाहून रचलेली असो, तिच्यातील तत्त्व मात्र पक्के आहे, आणि रॅन्समने त्याच वर्षी त्या तत्त्वावर एकाधिकार घेतला. त्याने फाळाचा साचा वरच्या बाजूला वाळूचा ठेवला आणि खालच्या बाजूला लोखंडाचा केला. वाळू उष्णता सावकाश ओढते, लोखंड ती झपाट्याने शोषून घेते. त्यामुळे एकाच फाळाचे तळचे अंग कठीण झाले आणि वरचे अंग त्या मानाने मऊ व चिवट राहिले.

या युक्तीचे मर्म असे, की फाळ शेतात चालू लागला म्हणजे वरचे मऊ अंग आधी झिजते आणि खालचा कठीण पातळ थर धारेसारखा पुढे राहतो. झीज होत राहते, तरी धार जात नाही. उलट झिजेमुळेच ती टिकते. उंदराच्या किंवा खारीच्या पुढच्या दातांची रचना अशीच असते. त्या दातांच्या पुढील अंगावर कठीण लुकणाचा थर असतो आणि मागील अंग मऊ असते. कुरतडताना मागचे अंग आधी झिजते आणि दात पटाशीसारखा तीक्ष्ण राहतो. निसर्गाने दातात जे केले, ते रॅन्समने फाळात केले. झीज थांबवण्याचा हट्ट त्याने धरला नाही. ती कोठे आणि किती व्हावी, एवढेच त्याने ठरवून दिले.

थंडावण्याच्या वेगाने एवढा पालट का व्हावा, याचा उलगडा पुढे सूक्ष्मदर्शकाने केला. बिडातील कार्बन दोन रूपे घेऊ शकतो. धातू सावकाश निवाला, तर कार्बनला वेगळे होण्यास अवधी मिळतो आणि तो ग्राफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीतल्या काळ्या पदार्थाच्या, बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरतो. अशा बिडाचा तुकडा मोडला तर आतून करडा दिसतो. तो सहज कातता येतो. धातू झपाट्याने निवाला, तर कार्बनला बाहेर पडण्यास सवड मिळत नाही. तो लोखंडाशीच संयोग पावून लोहकार्बाइड बनतो. हे बीड आतून पांढरे दिसते, काचेसारखे कठीण असते आणि काचेसारखेच ठिसूळही असते. सिलिकॉन अधिक असेल तर करड्या बिडाकडे कल जातो, कमी असेल तर पांढऱ्याकडे. भट्टीत काय घातले आणि साच्यात ते किती वेगाने निवले, या दोन गोष्टी हाती आल्या, की ओतारी एकाच वस्तूच्या दोन अंगांना दोन स्वभाव देऊ शकतो. अशा बिडाला कारखान्यांत ‘चिल्ड’ बीड असे नाव पडले.

अमेरिकेत याच प्रश्नाला आणखी एक अंग होते, आणि ते धातुशास्त्राच्या बाहेरचे होते. न्यू जर्सीतील चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ मध्ये बिडाच्या नांगराचा एकाधिकार घेतला. त्याचा नांगर चांगला चाले, पण शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत भ्रामक होती खरी. तथापि शेतकऱ्यांच्या नाराजीला एक खरा आधारही होता. न्यूबोल्डचा नांगर एकसंध ओतलेला होता. टोक झिजले किंवा मोडले, की सबंध नांगर वाया जाई. जेथ्रो वुड याने १८१४ आणि १८१९ मध्ये घेतलेल्या एकाधिकारांनी ही अडचण दूर केली. त्याने नांगराचे भाग सुटे केले. झिजेल तेवढाच भाग बदलावा आणि बाकीचा नांगर तसाच चालवावा, हा विचार आज आपणास इतका स्वाभाविक वाटतो, की तो कोणाला तरी प्रथम सुचावा लागला होता, याचाही विसर पडतो.

त्यानंतर प्रश्न आला तो अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशाचा. तेथील काळी, चिकट माती नांगराच्या पात्याला लिंपून बसे आणि दर थोड्या अंतरावर ती खरवडून काढावी लागे. जॉन डीअर याने १८३७ मध्ये इलिनॉय प्रांतात घासून लखलखीत केलेल्या पोलादाचे पाते वापरून यावर तोड काढली. पण पोलाद त्या काळी महाग होते. स्कॉटलंडात १८२३ मध्ये जन्मलेला आणि बालपणीच अमेरिकेत आलेला जेम्स ऑलिव्हर याने बिडाचाच मार्ग धरला. इंडियाना प्रांतातील साउथ बेंड गावच्या एका लहानशा ओतकारखान्यात १८५५ मध्ये त्याने भागी घेतली आणि १८५७ मध्ये चिल्ड बिडाच्या नांगराचा पहिला एकाधिकार मिळवला. फाळाएवढा लहान भाग कठीण करणे सोपे होते. माती उलटवणारे रुंद, वळणदार पाते सर्वत्र सारखे कठीण करणे मात्र कठीण होते. साच्यातील वायू बाहेर न पडल्यास पृष्ठभागावर खड्डे पडत, आणि धातू एकदम निवाल्यास पाते तडकत असे. ऑलिव्हरने साच्याच्या लोखंडी भागाला वायू निसटण्यासाठी खाचा ठेवल्या आणि त्याच भागातून गरम पाणी खेळवून निवण्याचा वेग आटोक्यात आणला. यातून निघालेले पाते इतके कठीण आणि गुळगुळीत होते, की माती त्याला न चिकटता घसरून जाई. येथे एक गोष्ट ध्यानात येते. जी कठीणता झीज रोखते, तीच पृष्ठभाग दीर्घकाळ गुळगुळीत राखते, आणि गुळगुळीत पाते ओढण्यास बैलांना किंवा घोड्यांना श्रमही कमी पडतात.

दख्खनच्या पठारावर हा सारा इतिहास जणू पुन्हा एकदा घडला. रॅन्समच्या कारखान्याचे लोखंडी नांगर हिंदुस्थानात येत असत. पण ते परदेशी होते आणि मोडका भाग मिळवणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई बिघडेल, तिला विष चढेल, असे शेतकरी म्हणत. न्यू जर्सीतील शेतकऱ्यांचे शब्द शंभर वर्षांनी आणि हजारो मैलांवर, ज्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते अशा लोकांच्या तोंडून पुन्हा उमटले. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या समजुतीला केवळ अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. पण तीत न्याय नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका जमिनीच्या तुकड्यावर अवलंबून आहे, तो त्या तुकड्यावर कोणाला सहज प्रयोग करू देत नाही. शिवाय बिडाचा फाळ घेणे म्हणजे केवळ एक अवजार बदलणे नव्हते. घडीव फाळ गावातल्या लोहाराच्या हाताखाली पुन्हा नवा होत असे. बिडाचा फाळ झिजला की गावात त्याला औषध नव्हते. तो काढून टाकावा लागे आणि कारखान्याचा नवा फाळ रोख पैसे मोजून आणावा लागे. शेतकऱ्याचा विश्वास आजवर समोर दिसणाऱ्या माणसावर होता. आता तो दूरच्या, न पाहिलेल्या भट्टीवर ठेवावा लागणार होता. असा विश्वास वादविवादाने बसत नाही. फाळ किती टिकतो आणि दुसरा फाळ त्याच भोकांत नेमका बसतो की नाही, या दोन गोष्टींनीच तो बसतो.

१९१० मध्ये औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील ओतशाळेतून नांगर बाहेर पडू लागले. दख्खनच्या शेतीला त्या वेळी हरळी आणि कुंदा या तणांनी ग्रासले होते. त्यांची मुळे खोल जातात, आणि लाकडी नांगर त्यांच्या वरूनच जातो. लोखंडी नांगराला बैलांच्या अधिक जोड्या जुंपाव्या लागत, पण तो खोल जाई, माती उलटवी आणि ती मुळे उन्हात आणून टाकी. लोखंडाने तण माजेल, ही अमेरिकन शेतकऱ्यांची भीती. दख्खनमध्ये लोखंडानेच तण हटवले. शेजाऱ्याचे शेत हरळीमुक्त झालेले ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याच्या मनातील विषाची शंका आपोआप विरली. पुढील काळात किर्लोस्करांचा नांगर हा महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या खेड्यांत घरचाच शब्द झाला. या लाभाचा एक उलट हिशेबही इतिहासाने मांडला पाहिजे. ज्या ऐरणीवर फाळ पाजवला जाई, तिच्यावरील ठोके कमी झाले, आणि लोहाराच्या बलुत्याचे एक कारण नाहीसे झाले.

फाळाने शिकवलेला धडा शेताबाहेर फार दूरवर गेला. यंत्रात होणारी झीज दोन प्रकारची असते, हे अनुभवाने स्पष्ट झाले. एका प्रकारात वाळूसारखा कठीण कण धातूला ओरखडतो. दुसऱ्या प्रकारात धातूवर धातू घसरतो. पहिल्या प्रकारात पांढरे बीड उपयोगी पडते, तर दुसऱ्यात मऊ करडे बीड आश्चर्यकारक काम देते. वाफेच्या एंजिनांचे पहिले सिलिंडर पितळेचे असत; अठराव्या शतकात कोलब्रुकडेलच्या ओतशाळेने ते बिडाचे करून दिले, ते मुख्यतः स्वस्ताईसाठी. परंतु बिडाचा गुण पुढे कळला. त्यातील ग्राफाइट स्वतःच वंगणाचे काम करते, आणि पृष्ठभागावरील त्याच्या सूक्ष्म खळग्यांत तेल साठून राहते. म्हणूनच विहिरीवर धडधडणाऱ्या डिझेल एंजिनाचे सिलिंडर आणि लेथचा पाट यांसाठी बीडच पसंत केले गेले. किर्लोस्करांच्या उद्योगाने नांगरानंतर पंप, लेथ आणि, पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतून, तेलावर चालणारी एंजिने केली. फाळ ओतताना कमावलेला हात या साऱ्याच्या मुळाशी होता.

पहिल्या प्रकारच्या झिजेवरील शोधही थांबला नाही. वाळूतील क्वार्ट्झ हा साध्या लोहकार्बाइडच्या तोडीस तोड, किंबहुना त्याहून किंचित अधिक कठीण असतो. म्हणून चिल्ड बीडही अखेर झिजतेच. विसाव्या शतकात धातुशास्त्रज्ञांनी बिडात प्रथम निकेल आणि थोडे क्रोमियम, आणि पुढे बारा ते अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत क्रोमियम मिसळले. क्रोमियमयुक्त कार्बाइड क्वार्ट्झहूनही कठीण असते. शिवाय ते धातूत सलग जाळ्यासारखे न पसरता सुटे सुटे राहते, त्यामुळे तडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावू शकत नाही. दगड दळणाऱ्या, सिमेंट करणाऱ्या आणि कोळशाची भुकटी करणाऱ्या चक्क्यांत असे बीड वापरतात. आपल्या देशातील दगडी कोळशात राखेचे प्रमाण फार, आणि त्या राखेत क्वार्ट्झही असतो. कोराडी किंवा चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांत कोळसा पिठासारखा दळूनच जाळला जातो. अशा चक्क्यांचे रूळ दळताना झिजतात, आणि त्यांच्या झिजेचा खर्च शेवटी घरोघरच्या दिव्याच्या हिशेबात येतो.

आज ट्रॅक्टरच्या नांगराला बहुधा पोलादाचे फाळ असतात. ट्रॅक्टरच्या वेगात दगडाचा ठोका जबर बसतो, आणि तो सोसण्याचा चिवटपणा पोलादात अधिक. चिल्ड बिडाच्या फाळाचे राज्य मावळले आहे. परंतु त्याने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. कठीण करावे तर वस्तू फुटते, चिवट ठेवावी तर झिजते. या दोन अडचणींच्या मधून प्रत्येक पिढीच्या ओताऱ्याला आपली वाट काढावी लागते. रॅन्समने ती साच्याच्या तळाशी लोखंड ठेवून काढली, ऑलिव्हरने साच्यात गरम पाणी खेळवून काढली, आणि नंतरच्यांनी क्रोमियम मिसळून काढली. किर्लोस्करवाडीच्या माळावर मात्र आणखी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागली. फाळ कारखान्यात कितीही कठीण ठरला, तरी त्याची खरी परीक्षा शेतकऱ्याच्या तासात होते. पंचावन्न मैल चालून आलेला फाळ शेतकरी उलटा करतो, धारेवरून अंगठा फिरवतो, आणि मग पुढच्या वर्षी त्याच कारखान्याचा फाळ घ्यायचा की नाही, हे ठरवतो.